नळ मीरा रोडला, धरण बारवीला

मीरा-भाईंदरचा नकाशा उघडा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेकडे मनोरी-गोराईची खाडी आणि उरलेल्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. पाण्याला तोटा नाही, पण त्यातल्या एकाही पेल्याचा चहा होणार नाही! १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली होती आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते मीरा रोड स्टेशनच्या पुलावरून कुणीही मोजून घ्यावं. एवढी माणसं पितात काय? उत्तर सापडतं बदलापूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी आणि थोडंफार चक्क घाटाच्या पलीकडे. चला, नळाच्या तोटीपासून उलट्या दिशेने निघू.

एकच नदी, दोन चवी

जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी शेंगदाणे खात ज्या वसई खाडीकडे आपण बघतो, ती म्हणजे उल्हास नदीचं मुख. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण करत सुमारे १२२ किलोमीटर धावते आणि भाईंदर-वसईच्या मधून समुद्राला मिळते. आता गंमत बघा. मीरा-भाईंदरच्या नळाला येणारं पाणीही याच उल्हासचं! फक्त ते वरच्या अंगाला, भरतीचं खारं पाणी पोचत नाही तिथे उचललं जातं आणि नळावाटे येतं. म्हणजे दाराशी आलेली नदी पिता येत नाही, म्हणून तीच नदी तीस-चाळीस किलोमीटर मागे जाऊन गाठायची. एकाच नदीचं पाणी पेल्यात गोडं आणि खिडकीतून खारं.

धरण कारखान्यांचं, तहान माणसांची

धरण म्हटलं की पाटबंधारे खातं, असं आपलं समीकरण. बारवी त्याला अपवाद. हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं, म्हणजे एमआयडीसीचं. महामंडळ स्थापन झालं १९६२ साली. अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना पाणी हवं होतं, म्हणून उल्हासची उपनदी असलेल्या बारवीवर धरण बांधलं आणि १९७२ साली त्याचा पहिला टप्पा पुरा झाला. पुढे कारखान्यांभोवती वसाहती वाढल्या, वसाहतींची शहरं झाली. आज यंत्रांसाठी अडवलेलं पाणी डाळ-भाताच्या कुकरमध्ये शिजतंय. ठाणे जिल्ह्यातल्या निम्म्या गप्पांत ‘बारवी भरलं का?’ हा प्रश्न असतो तो त्यामुळेच.

चार मीटर उंची, तेरा तुळशी

बारवीची उंची एका झटक्यात झाली नाही, ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. शेवटच्या टप्प्यात पाण्याची पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर नेली. वाढ फक्त चार मीटर, म्हणजे दीड मजला. पण साठा गेला सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३४० च्या घरात! धरणाचं खोरं वर वर पसरट होत जातं, त्यामुळे शेवटच्या चार मीटरांत जेवढं मावतं तेवढं तळाच्या चार मीटरांत कधीच मावत नाही. नुसत्या या वाढीव पाण्यात मुंबईचा तुळशी तलाव तेरा वेळा भरेल. ऑगस्ट २०१९ मध्ये बारवी पहिल्यांदा या नव्या उंचीपर्यंत काठोकाठ भरलं.

दरवाजे उघडायला माणूस लागत नाही

बारवीच्या सांडव्यावर ११ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की ते आपोआप उघडतात. ‘साहेबांचा हुकूम आला की उघडू’ ही भानगड नाही. म्हणून तर पातळी ७२ च्या आसपास सरकायला लागली की खालच्या गावांना आधीच इशारा जातो: नदीपात्रात उतरू नका, गुरं सोडू नका. पावसाला घाई असेल तर दरवाजे कुणाची वाट बघत नाहीत.

पाणी प्या, नोकरी द्या

धरणाची उंची वाढली की कुणाचं तरी अंगण पाण्याखाली जातं. बारवीच्या चार मीटरांसाठी मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघर, काचकोली अशा गावपाड्यांतल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. उंची वाढवण्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं ते सिमेंटअभावी नव्हे, पुनर्वसनाअभावी. मग तोडगा निघाला तो मोठा न्याय्य: जी शहरं हे पाणी पितात त्यांनी धरणग्रस्त कुटुंबांतल्या माणसांना नोकऱ्या द्यायच्या. एमआयडीसीबरोबर महापालिकांनाही यात वाटा उचलावा लागला आणि त्यांत मीरा-भाईंदरही आलं. तेव्हा पालिकेच्या एखाद्या कार्यालयात मुरबाडकडच्या बोलीत कुणी ‘बसा’ म्हणालं, तर आपल्या नळाच्या उगमाशी ओळख झाली असं समजायला हरकत नाही.

देहू-आळंदीला निघालेलं पाणी भाईंदरला

हा या यादीतला माझा सगळ्यात आवडता मासला. उन्हाळ्यात उल्हास वाहती राहते ती दोन पाण्यांवर: एक बारवीचं, दुसरं टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणारं. हे दुसरं पाणी मूळचं कोकणातलं नाहीच! घाटमाथ्यावर मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी सह्याद्रीचा कडा उतरवून भिवपुरीला आणतात, त्यावर वीज करतात आणि काम झालं की ते उल्हासच्या खोऱ्यात सोडून देतात. हे १९२२ पासून चालू आहे.

धरण नसतं तर? आंद्रा मिळते इंद्रायणीला, इंद्रायणी देहू-आळंदीवरून जाऊन भीमेला, भीमा पंढरपूर करून कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे वारीच्या वाटेने पूर्वेला निघालेल्या पाण्याला घाटमाथ्यावर वळवून उलट्या दिशेने अरबी समुद्राकडे पाठवलंय. कर्जत लोकलने जाताना ‘भिवपुरी रोड’ स्टेशन लागलं की त्या डोंगराकडे जरा आदराने बघा. एक थेंब, आधी दिवा लावतो, मग तहान भागवतो.

स्टेम म्हणजे काय रे भाऊ?

पालिकेच्या प्रत्येक पाणीकपातीच्या नोटिशीत हा शब्द असतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास विचारतं. शहाड आणि टेमघर या दोन गावांच्या नावांवरून हे नाव पडलं. शहाडला उल्हासमधून पाणी उचलायचं, भिवंडीजवळ टेमघरला शुद्ध करायचं आणि तिथून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि आसपासच्या गावांना द्यायचं. एमआयडीसीची वाट निराळी. ती उल्हासचंच पाणी बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला जांभूळ इथे शुद्ध करते. म्हणूनच कधी स्टेमचा शटडाऊन असतो, तर कधी एमआयडीसीचा, आणि दोन्ही लागोपाठ आले की शहराच्या तोंडचं पाणी पळतं.

एकवीस हजार टँकरांची रांग

मीरा-भाईंदरचा रोजचा मंजूर कोटा स्टेमकडून ८६ आणि एमआयडीसीकडून १२५, असा मिळून २११ एमएलडी. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. आकडा डोक्यावरून जातो ना? मग तो टँकरमध्ये घाला. दहा हजारी टँकर धरला तर रोज २१,१०० टँकर! एकेक टँकर आठ मीटर लांब धरून एकामागे एक उभे केले तर रांग जाते सुमारे १७० किलोमीटर. पहिला टँकर भाईंदरला, शेवटचा पुण्यात. आणि हे रोज. नळात ‘फोर्स नाही’ म्हणून कुरकुरताना ही रांग जरूर आठवावी. कुरकुर मात्र थांबवू नये, कारण कोटा कागदावर असतो आणि बादली मोरीत.

भरलेलं बारवी किती दिवस पुरेल?

समजा, काठोकाठ भरलेलं बारवी एकट्या मीरा-भाईंदरने प्यायचं ठरवलं. ३४० दशलक्ष घनमीटर म्हणजे ३४ हजार कोटी लिटर. रोज २११ एमएलडीने उपसलं तर पुरेल जवळपास साडेचार वर्षं! पण थांबा, आनंदाने शॉवर सोडू नका. त्याच धरणावर ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगरही आहेत, कारखाने आहेत आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे एप्रिल-मेचं ऊन, जे बिल न भरता पाणी उचलतं. म्हणून दर उन्हाळ्यात पुन्हा आभाळाकडे डोळे.

आता सूर्या उगवते

एका नदीवर किती भागवणार? म्हणून पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीला साकडं घातलं. धामणीचं धरण, खाली कवडासचा बंधारा, सूर्यानगरला शुद्धीकरण आणि तिथून वसई-विरार व मीरा-भाईंदरकडे मोठी जलवाहिनी, अशी ही मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) योजना. एकूण ४०३ एमएलडी: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. म्हणजे आजच्या कोट्याच्या दुपटीवर उडी! वसई-विरारचं पाणी काशिदकोपरच्या जलाशयात येतं, मीरा-भाईंदरसाठी जागा आहे चेण्याला.

वाट मात्र सरळ नाही. सुमारे ८८ किलोमीटरची जलवाहिनी, मेंढवण खिंडीखालून एक बोगदा, तुंगारेश्वरच्या डोंगराखालून साडेचार किलोमीटरच्या आसपासचा दुसरा आणि शेवटी वसईची खाडी तिच्या तळाखालून ओलांडायची. ती खाडी म्हणजे कोण? आपली उल्हासच! सूर्या पुढे वैतरणेला मिळणारी नदी. एका खोऱ्याचं गोडं पाणी दुसऱ्या खोऱ्याच्या खाऱ्या मुखाखालून शहरात शिरणार.

दुसरी बाजूही ऐका. सूर्या धरण बांधलं ते पालघरच्या आदिवासी पट्ट्यातल्या शेतीसाठी. ‘आमचे कालवे कोरडे आणि शहरांचे नळ वाहते, हा कुठला न्याय?’ हा तिथल्या शेतकऱ्यांचा सवाल जुना आहे आणि तो पाइपाबरोबर शहरापर्यंत येतोच.

हाकेच्या अंतरावर, पण आपले नव्हेत

काशीमिऱ्याहून सरळ रेषेत दहा-एक किलोमीटरवर राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलाव आहे, त्याच्या पलीकडे विहार. दोन्ही मुंबईचे. विहारचं काम सुरू झालं १८५६ मध्ये, पूर्ण झालं १८६० मध्ये. मिठी नदी अडवून केलेली ही मुंबईची पहिली नळयोजना. तोवर मुंबईकर विहिरी आणि तळ्यांवर जगत होते. तुळशी पुरा झाला १८७९ मध्ये. मुंबईच्या सात तलावांत सगळ्यांत धाकटा तोच: फक्त ८०४ कोटी लिटर. सगळ्यांत थोरला भातसा, ७१,७०३ कोटी लिटर. म्हणजे एका भातशात ८९ तुळशी!

तरीही पावसाळ्यात ‘तुळशी ओसंडून वाहू लागला’ ही बातमी बहुतेकदा पहिल्यांदा येते आणि मीरा रोडच्या ग्रुपवरही टाळ्यांचा पाऊस पडतो. टाळ्या जरूर वाजवा, पण तो आनंद शेजाऱ्याच्या मुलाचा निकाल लागल्याचा आहे.

त्यांच्याही आधी कान्हेरी

याच डोंगरात कान्हेरीची शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत आणि बऱ्याचशा लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेली पाण्याची पोढी. पन्हळींतून पावसाचं पाणी पोढीत आणायचं, तिथेच साठवायचं. धरण नाही, पंप नाही, शटडाऊन नाही. भिक्षूंनी या पद्धतीवर शतकानुशतकं पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवलं. खाडीपलीकडे वसईकरांनी तेच काम बावखलांनी केलं: वाडीत खणलेली तळी, पावसाने भरणारी, विहिरींना पाझर देणारी. छतावरचं पाणी जिरवा असं पालिका आज सांगते तेव्हा ती काही नवं सांगत नाही.

नदी रागावली तेव्हा

शांत दिसणाऱ्या उल्हासचा एक अवतार २७ जुलै २०१९ ला सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये तिचं पाणी रुळांवर चढलं आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस चहूबाजूंनी वेढली गेली. हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. आगगाडीतून उतरून बोटीत बसण्याचा योग कोकणच्या पावसानेच आणावा!

धरणावरची मौज, महाराष्ट्रभर

पाऊस पडला की मराठी माणसाचे पाय धरणाकडे वळतात. त्याचे काही चटपटीत नमुने:

लोणावळ्याचं भुशी धरण बांधलं रेल्वेने, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. इंजिनं गेली, पायऱ्यांवरून वाहणारं पाणी राहिलं आणि त्यात बसून कणीस खाणारी गर्दीही.

कोलाडची कुंडलिका उन्हाळ्यातही राफ्टिंगला खळाळते, कारण टाटांच्या वीजप्रकल्पाचं पाणी सकाळी नदीत सुटतं. उशिरा उठलात तर नदी ओसरलेली! लाटांचं वेळापत्रक असलेली नदी दुसरीकडे शोधून सापडायची नाही.

पवई तलाव १८९० च्या सुमारास मुंबईच्या तहानेसाठी बांधला. पाणी पिण्याजोगं निघालं नाही, म्हणून तो कारखान्यांच्या आणि बागांच्या वाट्याला गेला. तेव्हापासून तिथे गळ टाकून बसणारे हौशी आणि उन्हाला पहुडणाऱ्या मगरी एकमेकांना सांभाळून आहेत.

कोयनेचा शिवसागर एवढा लांबलचक की तापोळ्याच्या गावकऱ्यांसाठी लाँच ही एसटीच्या जागी असते. पर्यटक त्याच लाँचमध्ये बसून फोटो काढतात.

मुंबईच्या सातांतला मोडक सागर एका अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो: एन. व्ही. मोडक. १९४८ साली अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर बृहन्मुंबईचा आराखडा करणारे तेच. पुढाऱ्यांच्या नावांच्या गर्दीत पाणी आणणाऱ्याचं नाव पाण्याला, हे दुर्मीळच.

आणि भाईंदर? फेब्रुवारी २०२४ पासून उल्हासच्या मुखावर वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने मोठा वळसा, पाण्यातून काही मिनिटं. स्कूटरसकट खाडी ओलांडणं ही कामाची गोष्ट, पण रविवारी बोटीवरची बालगोपाळ मंडळी बघितली तर ती सहलच वाटते.

मौजेची पायरी निसरडी

पावसाळ्यात चेणे नदीवर, बदलापूरच्या कोंडेश्वरला, बारवीच्या परिसरात गर्दी उसळते आणि दरवर्षी प्रशासन मनाई आदेश काढतं. काहींना तो रसभंग वाटतो. पण ३० जून २०२४ ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा वरच्या अंगाचं पाणी किती लवकर चढतं ते सगळ्यांनी पाहिलं. डोंगरावर पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. पायाखालचं पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आला की भजी खाली ठेवायची आणि काठ गाठायचा. फोटो नंतर.

सोसायटीच्या टाकीतला हिशेब

शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी पुरावं, असा सरकारी मापदंड आहे. आता आपला हिशेब. सकाळी वॉचमन पंप चालू करतो, गच्चीवरची टाकी भरते, ओव्हरफ्लोच्या पाइपातून धो धो आवाज येतो आणि चौथ्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडतात, ‘अरे, पंप बंद कर!’ मिनिटाला पन्नास लिटर सांडतात असं धरलं आणि वॉचमन चहा प्यायला गेलेला असेल, तर दहा मिनिटांत जवळपास चार माणसांचं दिवसभराचं पाणी गटारात. बारवीचे दरवाजे पातळी गाठली की आपोआप उघडतात. सोसायटीचा पंप पातळी गाठली की आपोआप बंद व्हायला एक साधा फ्लोट स्विच पुरतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून भांडण सुरू होण्याआधी एवढा ठराव उरकून घ्या!

लक्षात ठेवायचा एकच आकडा

जुलैत पेपरांतून तलावांच्या पातळीचे तक्ते यायला लागतात. भातसा १४२.०७, तानसा १२८.६३, मोडक सागर १६३.१५ आणि ऊर्ध्व वैतरणा तर ६०३.५१ मीटर, कारण तो घाटमाथ्यावर बसलाय. हे सगळे आकडे मुंबईच्या माणसांनी पाठ करावेत. मीरा-भाईंदरकरांनी त्या तक्त्याखाली नजर टाकायची आणि शोधायचं बारवी. तिथे ७२.६० दिसलं की वर्षभराची निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी शटडाऊनच्या नोटिशीत असते. ती नोटीस आली की पिंप आदल्या रात्रीच भरून ठेवा, सकाळी कळशी घेऊन शेजाऱ्यांची बेल वाजवायला लागू नये.